रिकामा फ्लॅश

“मॅडम, पहिला रिकामा मारतो, मग फोटो घेतो,” कॅमेऱ्याला डोळा लावून हिंदुराव म्हणाले.

“रिकामा-बिकामा काही नको. एकच काढा आणि मला मोकळं करा.”

“पण मॅडम, त्याचं कसं हाय...”

“हिंदुराव, आज वीस तारीख आहे.”

एवढं पुरे होतं. एकतीस जुलैला माझी पीएच.डी.ची नोंदणी संपते, हे विभागातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. सहा वर्षं पुरी होत होती. त्या दिवशी पाचच्या आत प्रबंधाच्या प्रती विद्यापीठाच्या खिडकीवर पोचल्या तर पोचल्या, नाही तर सहा वर्षांवर पाणी. आणि नेमक्या अशा वेळी माझ्या मार्गदर्शकांना, रेगे सरांना, सुचलं होतं की दुसऱ्या प्रकरणात यंत्राचा फोटो हवा. नुसत्या यंत्राचा नको, शेजारी संशोधक बसलेला हवा, म्हणजे यंत्राच्या आकाराचा अंदाज येतो. त्यासाठी एखादी फूटपट्टी ठेवली असती तरी चाललं असतं. पण सरांशी वाद घालण्यापेक्षा फोटोला बसणं कमी वेळाचं होतं.

हिंदुरावांनी एकच फोटो काढला. माझ्या डोळ्यांपुढे जांभळे ठिपके नाचायला लागले.

“आलाच हाय तर एक मोजणी बघून जावा की,” कॅमेरा पिशवीत ठेवत ते म्हणाले. “दहा महिनं झालं, तुमी एकदा बी आत आला न्हाईत.”

खरं होतं ते. मी गणितवाली. अंधाऱ्या खोलीत बसून पालकाच्या पानांवर फ्लॅश मारणं हे हिंदुरावांचं काम, आणि ते आकडे घेऊन पानाच्या आत काय चाललंय याचं समीकरण मांडणं हे माझं. दर शनिवारी ते फ्लॉपी आणून माझ्या टेबलावर ठेवत, मी मान वर न करता “ठेवा” म्हणे. अशी आमची ओळख.

हिंदुराव लोहार मूळचे मिरजेचे, लग्नाचे फोटो काढणारे. सरांना हवा होता डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी विझणारा फ्लॅश. तसं परदेशी यंत्र मंजूर होईना. भाच्याच्या लग्नात सर जेवण सोडून फोटोग्राफरच्या फ्लॅशकडे बघत बसले आणि दोन महिन्यांनी तो फोटोग्राफर कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून आमच्या विभागात आला. जुन्या फ्लॅशगनमधून काढलेल्या नळ्या, कपॅसिटर आणि पत्र्याचा एक डबा यांतून त्यांनी जे यंत्र उभं केलं ते दिसायला स्टोव्हसारखं होतं, पण चालायचं मात्र चोख.

डोळ्यांपुढचे ठिपके जाईपर्यंत मला तसंही काही दिसणार नव्हतं. मी थांबले.

दार लागलं. कोपऱ्यात एक मिणमिणता हिरवा दिवा होता. “फोटोच्या डार्करूमला लाल, पानाच्या डार्करूमला हिरवा,” हिंदुराव म्हणाले. वाटून गाळून काढलेला पालकाचा थेंब त्यांनी डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि पाच मिनिटं आम्ही गप्प बसलो. अंधारात पानाला विश्रांती द्यायची असते.

का द्यायची, ते सांगते, कारण पुढचा सगळा वैताग त्यावरच आहे. लख्ख फ्लॅश मारला की पान दर फ्लॅशला प्राणवायू सोडत नाही. चार पायऱ्यांचा जिना आहे असं समजा. प्रत्येक फ्लॅशला पान एक पायरी चढतं, चौथी ओलांडली की प्राणवायूचा एक हुंदका देतं आणि पुन्हा खाली येतं. अंधारात विसावलेलं पान बहुतेक पहिली पायरी आधीच चढून बसलेलं असतं. म्हणून पहिला हुंदका तिसऱ्या फ्लॅशला, पुढचा सातव्याला, मग अकराव्याला. सगळ्या जगात असंच होतं. आमच्याकडे होत नव्हतं. आमच्या पालकाचा हुंदका हिवाळ्यात निम्मा दुसऱ्या फ्लॅशला आणि निम्मा तिसऱ्याला यायचा, आणि उन्हाळ्यात जवळजवळ सगळा दुसऱ्यालाच.

माझं मूळचं गणित साधं होतं. चार आकडे घातले की काम भागायचं. सर म्हणाले, आकडे खोटं बोलत नाहीत, तुझं गणित तोकडं आहे. मग आम्ही म्हणे शोध लावला की पानात पायऱ्या मोजणारी दोन जातींची घड्याळं असतात आणि ऋतूप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं. चार आकड्यांचे अकरा झाले. महिनोन्महिने मी त्या अकरांची समजूत घालत होते. एकाला जागेवर बसवावं तर दुसरा उठायचा. शेवटी कसंबसं जुळलं, त्याचं पाचवं प्रकरण झालं आणि सप्टेंबरात बंगलोरच्या परिषदेत सर ते वाचणार होते.

तर, पाच मिनिटं झाली. हिंदुरावांनी बटण दाबलं. झाकणाच्या फटीतून उजेडाची रेघ चमकून गेली. एक, मी मनात म्हटलं. मग काही नाही. यंत्राची बारीक शिट्टी चढत गेली, चारेक सेकंदांनी तांबडा ठिपका पेटला आणि मग दर सेकंदाला रेघ चमकायला लागली. हिंदुराव मोठ्यानं मोजू लागले, “एक, दोन, तीन...”

ते सोळावर थांबले तेव्हा मी सतरावर होते.

“तुम्ही एक मोजायचा विसरलात,” मी म्हणाले.

“कुठला?”

“पहिला. शिट्टीच्या आधीचा.”

“तो व्हय? तो रिकामा.”

“रिकामा म्हणजे?”

“नळी गार असली की पयला फ्लॅश फिका पडतो. तो काढून टाकायचा, म्हंजे म्होरचं सोळा एकसारखं. लग्नात बी तसंच करायचो आमी.”

“पान आत असताना?”

“नळी अशी गरम राहतीया व्हय? लगेच मारावं लागतंय.”

“नेहमी मारता?”

“हर टायमाला,” हिंदुराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. “दोनशे बारा मोजण्या झाल्या. एक बी चुकवला न्हाई.”

दार उघडून मी बाहेर आले ती बोलतच. काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते लिहायची लाज वाटते. तास संपून एम.एस्सी.ची मुलं बाहेर पडत होती. ती भिंतीला लागून उभी राहिली. हे मंगल कार्यालय नाही, असं मी म्हणाले. पानाला काय नवऱ्या मुलीसारखं खुर्चीत बसवलंय का, असंही म्हणाले. कुणाला न विचारता करायची हिंमत कशी झाली, असं तर दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मुलांकडे पाहिलं आणि मिटलं.

“माफ करा मॅडम,” ते म्हणाले.

रेगे सरांना पटायला पाऊण तास लागला.

“एका फ्लॅशनं असा काय फरक पडतो?” ते म्हणाले.

“सर, आपला विषयच एकेका फ्लॅशचा आहे.”

“पण मग ऋतूंचं काय? हिवाळ्यात निम्मं, उन्हाळ्यात जास्त, ते काय त्या लोहारानं केलं?”

“ते मला अजून कळलं नाही.”

“बघ. म्हणजे घड्याळं आहेतच.”

मी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. शेवटी सर खुर्चीत मागे रेलले, चष्मा काढला आणि एकदम व्यवहारी झाले. हा सगळा प्रयोग नव्याने करावा लागणार, त्याला सहा महिने हवेत. मुदतवाढ एकदाच मिळते, आणि तीही संशोधकाचा दोष नसेल तर. “कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे नोंदी निकामी झाल्या, असं लोहारांकडून लिहून घे. सोबत मोजणीच्या वह्या जोड. परवा समितीपुढे ठेवतो. मिळून जाईल.”

असा कागद फायलीला लागला की कंत्राटी माणसाचं पुढे काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. माझी सहा वर्षं वाचत होती, आणि ज्यानं बुडवली त्यानं ती भरून द्यावी, असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव कंत्राटाच्या कागदांसाठी कामगार कार्यालयात गेले होते. त्यांच्या कपाटात सहा वह्या होत्या, खाकी कव्हर घातलेल्या, पाठीवर नंबर टाकलेल्या. मी त्या काढून टेबलावर ठेवल्या आणि सहज पहिली उघडली.

पहिल्याच पानावर पट्टीनं आखलेला तक्ता होता. हिंदुरावांचं अक्षर मोत्यासारखं. तारीख, थेंबाचं माप, तापमान, आणि मग रकाने: रि., १, २, ३, असे सोळापर्यंत. तो ‘रि.’चा रकाना लाल शाईनं उभा खोडलेला होता. शेजारी समासात लिहिलं होतं, ‘जे मोजायचं नाही ते लिहायचं नाही. फक्त १ ते १६.’ खाली सही. प. चौगुले, ९ सप्टेंबर.

अक्षर माझं. पद्मजा चौगुले ही सही लपेटदार करायची सवय माझीच.

मग आठवलं. नऊ सप्टेंबरच्या त्या सकाळी ते वही घेऊन माझ्या टेबलाशी उभे होते. मी कसलंतरी समीकरण सोडवत होते. ते बराच वेळ उभे राहिले होते, एवढंही आठवलं. ‘मॅडम, पयला रिकामा मारतोय, तो बी लिवू का?’ असं काहीतरी विचारत होते, आणि मी लाल पेन उचलून त्यांना वाटेला लावलं होतं. रिकामा म्हणजे काय, हे मी विचारलं नव्हतं.

मी ती वही पर्समध्ये घातली आणि घरी नेली. उगाच सोवळेपणा कशाला सांगू, नेली ती परत न आणण्यासाठीच नेली. बाकीच्या पाच वह्या समितीला पुरेशा होत्या. रात्री मी दोनदा ती काढून पाहिली, जणू मधल्या काळात सही दुसऱ्या कुणाची झाली असेल. हिंदुराव काय, कुठेही फोटो काढतील, असंही मनाला सांगून झालं. मनाला ते पटतही होतं, फक्त कॉरिडॉरमधलं ते उघडून मिटलेलं तोंड मधे मधे येत होतं.

सकाळी मी अंधाऱ्या खोलीत गेले. हिंदुराव पालक निवडत होते. पानं डब्यासाठी आणि देठं घरी भाजीला, असा त्यांचा शिरस्ता.

“सरांनी काल सांजच्याला सांगितल्यालं लिवलंय,” त्यांनी खिशातून कागद काढला. “सही केलीया. तारीख तेवढी तुमी टाका.”

माझ्या चुकीमुळे, असं त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी पर्समधून वही काढून शेजारी ठेवली.

“हे तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी वहीकडे पाहिलं आणि पुन्हा देठं मोडायला लागले. “व्हय.”

“मग तेव्हाच का नाही दाखवलंत? मी एवढं बोलत होते...”

“पोरं उभी हुती की मॅडम. उद्या तुमी त्यास्नी शिकवणार. तितं वही कशी उघडायची?”

“आणि आज? आज कोणी नाहीये. सही कशाला केलीत?”

“तुमची सहा वरसं हायती. माझं काय, कॅमेरा हाय.”

मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. एवढा शहाणा माणूस दहा महिने शेजारच्या खोलीत बसला होता, आणि मी त्याच्याकडून फ्लॉपी घेत होते. मी तो कागद फाडला. फाडून झाल्यावर लक्षात आलं की मुदतवाढही त्याच्याबरोबर फाटली, आणि हातात आता नऊ दिवस आहेत.

“मॅडम,” हिंदुराव तुकडे गोळा करत म्हणाले, “समदं वायाच गेलं म्हंता, ते कसं?”

“एक फ्लॅश जास्त पडला म्हटल्यावर...”

“पण दर वक्ताला पडला की. एकदा पडला, एकदा न्हाई, असं न्हवं.”

सहा वर्षं गणित करून मला जे सुचलं नव्हतं ते त्यांनी पालक निवडता निवडता सांगितलं होतं. चूक दोनशे बारा वेळा तंतोतंत तशीच झाली असेल तर तिला चूक म्हणायचं कारणच नव्हतं. ती गणितात मांडता येत होती.

“रिकामा मारल्यावर किती वेळ थांबता?” मी विचारलं.

“तांबडा दिवा लागंपतुर. चार सेकंद.”

“कायम चार?”

“आत्ता चार. आधी वीस लागायचं. सोळा फ्लॅशची वीज साठवणारा कपॅसिटर म्हातारा झालता, भरायला येळ लावायचा. मार्चमदी बदलला.”

“मार्चमध्ये केव्हा?”

“होळीच्या दुसऱ्या दिवशी. हाताला रंग हुता, म्हणून ध्यानात हाय.”

मी वहीच्या मागच्या पानावर तो जिना काढला. रिकाम्या फ्लॅशनं पान एक पायरी वर चढायचं. तिथं वीस सेकंद ठेवलं की थेंबातला निम्मा भाग पुन्हा खाली घसरायचा, म्हणून हुंदका निम्मा दुसऱ्याला आणि निम्मा तिसऱ्याला. चारच सेकंद ठेवलं की घसरायला वेळच मिळायचा नाही, म्हणून सगळा दुसऱ्याला. होळीच्या आधीच्या पानांना आम्ही हिवाळी म्हणत होतो आणि नंतरच्यांना उन्हाळी. ऋतू बदलला नव्हता, कपॅसिटर बदलला होता. रेगे सर बंगलोरला जाऊन फ्लॅशगनच्या सुट्या भागाबद्दल भाषण देणार होते.

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते विचारू नका. माझं जुनं, सरांनी तोकडं ठरवलेलं गणित बाहेर काढलं. चार आकडे, आणि पायरीवरून घसरण्याचा एक, असे पाच. दोनशे बारा मोजण्या त्यात अशा बसल्या की मला पुन्हा राग आला. महिनोन्महिने मी ज्या अकरांची मनधरणी केली ते गेले, पाचवं प्रकरण गेलं, आणि त्याच्या जागी नऊ पानांचं एक नवीन, साधं प्रकरण आलं. त्यात रिकाम्या फ्लॅशची हकीकत होती, नोंद न करण्याची सूचना संशोधिकेनंच दिली होती हे होतं, आणि हिंदुराव लोहार हे नाव होतं.

सरांनी ते वाचलं. माझ्या लाल शाईच्या खुणेची हकीकत होती तिथे थांबले.

“हे लिहायलाच हवं का?”

“हो सर.”

“परीक्षक यावरच धरतील तुला. आणि बंगलोरला मी काय सांगू?”

“हेच सांगा.”

त्यांनी सही केली, पण पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बंगलोरला ते गेलेच नाहीत, प्रकृतीचं कारण कळवलं.

तीस तारखेला दुपारी बाइंडिंगवाल्याकडे निघाले असताना हिंदुराव धावत आले. हातात ओला फोटो.

“मॅडम, ह्यो लावू नका. डोळं मिटल्यात तुमचं. परत काढू, धा मिंटाचं काम.”

मी पाहिलं. यंत्र अगदी ठळक आलं होतं, आकाराचा अंदाज येत होता, आणि शेजारी मी, ताठ मानेनं, घट्ट डोळे मिटून बसलेली.

“तरी म्हणत हुतो,” हिंदुराव म्हणाले. “पयल्याला समद्यांचं डोळं मिटत्यात. म्हणून बी लग्नात रिकामा मारायचा.”

“मग तसं सांगायचं नाही का?”

“सांगतच हुतो की.”

मी तो फोटो पुठ्ठ्यात घातला. “हाच लावू,” म्हटलं. एकतीसला चार वाजून वीस मिनिटांनी खिडकीवरच्या माणसानं माझ्या प्रतींवर शिक्का मारला.

डिसेंबरात तोंडी परीक्षा झाली. परीक्षक नागपूरचे, वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी गणितावर तासभर विचारलं. सर म्हणाले होते तसं लाल खुणेवर धरलंही, आणि मी होतं ते सांगितलं. माझे कान तापले, पण परीक्षा पुढे सरकली. मग त्यांनी दुसरं प्रकरण उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेला.

“यंत्र उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण संशोधिकेचे डोळे मिटलेले का?”

मागच्या रांगेत बसलेल्या मुलांपैकी कुणीतरी हसलं. त्यांच्यातली बरीच त्या दिवशी भिंतीला लागून उभी होती. हिंदुराव दाराशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी मुलांकडे तोंड केलं.

“फोटोग्राफर मला सांगत होते, सर,” मी म्हणाले, “मी ऐकून घेतलं नाही.”